जुनं कार्ड, नवा मदरबोर्ड आणि मधला दुभाषी

नवा कॉम्प्युटर जुळवून झाला आहे. शेजारी जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेलं पीसीआय साउंड कार्ड, म्हणजे पीसीआय नावाच्या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड, पडलं आहे. ते बिघडलेलं नाही, त्याचा आवाज कानाला पटलेला आहे, आणि टाकून द्यायला काही कारण दिसत नाही. अडचण एवढीच, की नव्या मदरबोर्डवर ते बसेल असा स्लॉटच नाही. शोधाशोध केल्यावर सर्किटची एक लहानशी पट्टी सापडते. तिची एक कडा नव्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये जाते आणि तिच्या पाठीवर जुना पीसीआय स्लॉट असतो.

अशी पट्टी वापरलेल्यांचे अनुभव ऐकले तर गोंधळायला होतं. एकाचं कार्ड पहिल्या झटक्यात सुरू झालेलं असतं. दुसऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला दिसतं, ड्रायव्हरही बसतो, पण आवाज फाटका येतो. तिसऱ्याचं तासभर छान चालतं आणि मग अचानक अडखळायला लागतं. चौथा तर पीसीआयच्याही आधीचं आयएसए कार्ड घेऊन बसलेला असतो आणि त्याला मनासारखा अ‍ॅडॅप्टरच मिळत नाही. यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. प्रत्येक अनुभवामागे ठरावीक कारण आहे, आणि ते आधी ओळखता येतं.

अ‍ॅडॅप्टर म्हटलं की मनात चार्जरची पिन येते. गोल पिन चपटी झाली, की झालं काम. इथे आकार बदलणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. त्याच्या पलीकडे दोन कामं उरतात. जुन्या कार्डाला लागणारी वीज नव्या स्लॉटमध्ये असतेच असं नाही, ती कुठून तरी आणावी लागते. आणि जुनं कार्ड कॉम्प्युटरशी ज्या रीतीनं बोलायचं, ती रीत नव्या कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत बदलावी लागते. कार्ड चालणार की नाही, हे बहुतेक वेळा या तिसऱ्या कामावर ठरतं. म्हणून अ‍ॅडॅप्टरचा विचार करताना आपल्या कार्डाला कॉम्प्युटरकडून काय काय हवं असतं, हे आधी बघावं. स्लॉट कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

एक खोली आणि पाकिटं

थोडा इतिहास लागेल, पण मोजकाच. आयबीएमच्या पीसीमध्ये १९८१ साली जे स्लॉट होते, ते ८ बिटांचे. १९८४ मध्ये ते १६ बिटांचे झाले आणि पुढे त्यांनाच आयएसए हे नाव पडलं. त्यांचा वेग सुमारे ८ मेगाहर्ट्झ. १९९२ मध्ये इंटेलनं पीसीआय आणलं: ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १३३ मेगाबाइट. १९९७ मध्ये फक्त ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी आलं. आणि २००३ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस आलं, जे आजही चालू आहे.

पीसीआयची रचना एका खोलीसारखी आहे. सगळी कार्डं त्याच खोलीत, त्याच तारांवर. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. १३३ मेगाबाइटचा वेग सगळ्यांत मिळून. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये खोली नाही. प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या वेगळ्या तारा असतात, एक जोडी जायला आणि एक यायला, आणि त्यांवरून पत्ता लिहिलेली पाकिटं जातात-येतात. अशा दोन जोड्यांना मिळून एक लेन म्हणतात. पहिल्या पिढीतसुद्धा एक लेन एका दिशेनं सेकंदाला २५० मेगाबाइट नेत असे, म्हणजे पीसीआयच्या अख्ख्या खोलीपेक्षा जास्त.

तारांच्या पातळीवर दोघांत काहीच साम्य नाही. तरीही पीसीआय कार्ड नव्या स्लॉटवर बऱ्यापैकी सहज चालतं, ते एका शहाण्या निर्णयामुळे. पीसीआय एक्स्प्रेस बनवणाऱ्यांनी तारा बदलल्या, पण हिशेबाची वही जुनीच ठेवली. प्रत्येक पीसीआय कार्डावर २५६ बाइटांची एक छोटी नोंदवही असते. मी कुणी बनवलेलं, कोणतं मॉडेल, मला किती मेमरी आणि किती पत्ते हवेत, हे सगळं त्यात ठरलेल्या जागी लिहिलेलं असतं. पीसीआय एक्स्प्रेसनं ही वही ४०९६ बाइटांची केली, पण पहिली २५६ बाइटं तशीच राहू दिली. त्यामुळे त्या वेळच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पीसीआय एक्स्प्रेसचं कार्डसुद्धा पीसीआय कार्डासारखंच दिसलं.

अ‍ॅडॅप्टरवरची मुख्य चिप याच वहीचा आधार घेते. तिला ब्रिज म्हणतात, पण मला दुभाषी हा शब्द जास्त योग्य वाटतो. एका बाजूनं ती पाकिटं घेते, उघडते, दुसऱ्या बाजूच्या खोलीत तेच म्हणणं पीसीआयच्या रीतीनं मांडते आणि उत्तर पुन्हा पाकिटात घालून परत पाठवते. ब्रिज म्हणजे काय आणि त्याच्याशी कसं वागायचं, हे मानकातच लिहिलेलं आहे. म्हणून या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज असो वा लिनक्स, तिला ओळखतातच. अ‍ॅडॅप्टरबरोबर ड्रायव्हरची सीडी आली नाही म्हणून घाबरायला नको, तिची गरजच नसते.

हे दुभाषी आपण नकळत आधीपासून वापरत आलो आहोत. २०११ च्या सुमारास इंटेलनं घरगुती डेस्कटॉपच्या चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांमधून, पीसीआय काढून टाकलं. त्यानंतरही अनेक मदरबोर्डवर एखाद-दोन पीसीआय स्लॉट दिसायचे. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे अशीच ब्रिज चिप मदरबोर्डवर जोडलेली होती. आज जो अ‍ॅडॅप्टर वेगळा विकत मिळतो, त्यात तीच कल्पना सुट्या पट्टीवर आली आहे.

वेगाची काळजी पीसीआय कार्डांच्या बाबतीत जवळजवळ करायचीच नाही. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. पीसीआयच्या क्षमतेचा तो साडेसातशेवा भाग. एक लेन या कार्डाला हवी त्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. अडचणी येतात त्या वेगळ्याच ठिकाणी.

आधी वीज बघा

ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते आणि सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पीसीआय स्लॉटमध्ये चार प्रकारचे व्होल्ट येत: ५, ३.३, अधिक १२ आणि उणे १२. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये फक्त ३.३ आणि अधिक १२ येतात. ५ व्होल्ट नाहीत, उणे १२ तर नाहीतच. म्हणजे ही दोन्ही अ‍ॅडॅप्टरला स्वतः तयार करावी लागतात किंवा पॉवर सप्लायच्या वेगळ्या तारेनं घ्यावी लागतात. अ‍ॅडॅप्टरवर चार पिनांचा जुना मोलेक्स किंवा साटा पॉवरचा कनेक्टर असतो तो याचसाठी. तो न लावता कार्ड चालवून बघू नये. शिवाय पीसीआय कार्डाला २५ वॉटपर्यंत वीज घ्यायची मुभा होती, तर एका लेनच्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डाला सुरुवातीची मर्यादा १० वॉटची. भुकेलं कार्ड नुसत्या स्लॉटवर जगेल असं धरून चालता येत नाही.

५ व्होल्ट नसतील तर कार्ड सरळ मुकं राहतं आणि चूक लगेच कळते. उणे १२ चं तसं नाही. कार्डावरचा डिजिटल भाग उणे १२ वापरत नाही. ते वापरतात आवाजाचे अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायर, ज्यांना शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे झुलायला जागा लागते, आणि काही सीरियल पोर्टची कार्डं, ज्यांच्या आरएस-२३२ लाइनला खरोखर उणे व्होल्ट पाठवावे लागतात. मोलेक्समध्ये ५ आणि अधिक १२ असतात, उणे १२ नसतात. तेवढ्यासाठी अ‍ॅडॅप्टरवर वेगळं छोटं सर्किट लागतं, आणि स्वस्तात काढायचं तर तेच गाळलं जातं. मग होतं असं: कार्ड दिसतं, ड्रायव्हर बसतो, व्हॉल्यूमच्या पट्ट्या नाचतात, आणि स्पीकरमधून काहीच येत नाही किंवा अर्धवट कापलेला आवाज येतो. माझ्याकडच्या एका कार्डावर मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलण्यात घालवल्या. शेवटी मल्टिमीटर लावला, तर अ‍ॅडॅप्टरच्या उणे १२ च्या पिनवर शून्य होतं. ड्रायव्हरचा काही दोष नव्हता.

याच ओघात कार्डाच्या कडेवरच्या खाचांबद्दल. पीसीआयचे सिग्नल दोन प्रकारचे, ५ व्होल्टचे आणि ३.३ व्होल्टचे, आणि चुकीची जोडी जमू नये म्हणून स्लॉटमध्ये आडवी येणारी कळ असते. ५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये ती कार्डाच्या धातूच्या पट्टीपासून लांब असते, ३.३ च्या स्लॉटमध्ये पट्टीजवळ. ज्या कार्डाला दोन्ही खाचा आहेत ते दोन्हीकडे चालतं. एकच खाच असेल तर तिची जागा बघून अ‍ॅडॅप्टर निवडा. कार्ड बसत नाही म्हणून कानस घेऊन खाच पाडणं म्हणजे कार्ड आणि ब्रिज दोन्ही जाळायची तयारी.

आकाराबद्दल एवढंच: अ‍ॅडॅप्टर उभा असेल तर कार्ड पट्टीच्या उंचीइतकं वर उचललं जातं, आणि मग त्याची धातूची पट्टी केसच्या मागच्या खिडकीशी जुळत नाही. काही अ‍ॅडॅप्टर दोन तुकड्यांत येतात आणि मधे यूएसबी ३ ची केबल असते. तो भाग नीट लक्षात ठेवा. केबल यूएसबीची आहे, पण तिच्यातून जाणारे सिग्नल पीसीआय एक्स्प्रेसचे आहेत. निर्मात्यांनी ती निवडली कारण तिच्यात वेगवान सिग्नलच्या जोड्या आयत्या मिळतात. ती केबल कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टमध्ये कधीही लावू नये.

घंटा वाजते आणि थांबत नाही

आता तासाभरानं अडखळणाऱ्या कार्डाकडे येऊ.

कार्डाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. पीसीआयमध्ये त्यासाठी खऱ्याखुऱ्या तारा आहेत, चार. कार्ड आपली तार खाली ओढतं आणि काम होईपर्यंत ओढून धरतं. ड्रायव्हर येतो, काम करतो, कार्ड तार सोडतं. एका तारेवर दोन-तीन कार्डं असली तरी चालतं, कारण कुणीतरी ओढून धरलंय तोवर हाक चालूच आहे.

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये अशी तारच नाही. म्हणून ब्रिज दोन पाकिटं पाठवतो: एक तार ओढल्याचं, दुसरं तार सोडल्याचं. कॉम्प्युटर त्या दोन पाकिटांवरून कल्पनेतली तार वर-खाली करत राहतो. यात एक नाजूक जागा आहे. सोडल्याचं पाकीट निघालंच नाही, तर कार्ड शांत असूनही कॉम्प्युटरला वाटतं की घंटा वाजतेच आहे. तो पुन्हा पुन्हा ड्रायव्हरला उठवतो, ड्रायव्हर बघतो तर काहीच काम नाही. लिनक्समध्ये यासाठी एक मर्यादा ठरलेली आहे. १ लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त हाकांना कुणीच वाली निघाला नाही, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती इंटरप्ट लाइनच बंद करून टाकतो आणि नोंदीत लिहून ठेवतो की या इंटरप्टकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्या क्षणापासून कार्डाची हाक कुणापर्यंत पोहोचत नाही. आवाज अडकतो, नेटवर्क रांगायला लागतं. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की पुन्हा तासभर ठीक.

ही खोड काही ब्रिज चिपांमध्येच असते, सगळ्यांत नाही. म्हणून अ‍ॅडॅप्टर घेताना पट्टीचा रंग आणि खोका बघण्यापेक्षा वर कोणती चिप आहे ते विचारावं, आणि त्या चिपबद्दल लोकांचा दीर्घ अनुभव शोधावा. तीच चिप वीस वेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर असू शकते.

दुसरी अडचण वाट बघण्याची. प्रोसेसर कार्डाकडे काही लिहायला पाठवतो तेव्हा पाकीट पेटीत टाकून तो पुढच्या कामाला लागतो. वाचायचं असेल तर मात्र तो उत्तर येईपर्यंत खोळंबतो. मूळ पीसीआयवर ही फेरी छोटी होती, कारण ३३ मेगाहर्ट्झला एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा. ब्रिजमधून पाकीट जायचं, उघडायचं, खोलीत आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, उत्तर घ्यायचं, पुन्हा पाकिटात घालायचं, यात एक वाचन मायक्रोसेकंदाच्या घरात जातं. साउंड कार्डाला याचं काही वाटत नाही, कारण ते आपला डेटा स्वतःच मेमरीतून उचलतं. पण यंत्र चालवणारी नियंत्रण कार्डं किंवा प्रयोगशाळेतली मोजमापाची जुनी कार्डं बऱ्याचदा एकेक आकडा प्रोसेसरकडून वाचून घेतात. समजा मोटारीचं नियंत्रण दर मिलिसेकंदाला एकदा होतं आणि प्रत्येक फेरीत १०० वाचनं आहेत. एकेका वाचनाला १ मायक्रोसेकंद धरला तरी वेळेचा दहावा हिस्सा नुसता वाट बघण्यात जातो. अशा कामाला अ‍ॅडॅप्टर लावण्यापूर्वी यंत्र मोकळं फिरवून नीट मोजून बघावं. आवाज एखादा क्षण अडखळला तर कान दुखतो, कापणारं यंत्र अडखळलं तर माणसाला इजा होऊ शकते.

तिसरी अडचण कार्डाच्या स्वतःच्या नजरेची. मेमरीतून डेटा उचलताना कार्डाला पत्ता लिहावा लागतो, आणि काही कार्डांकडे पत्ता लिहायला पुरेसे आकडेच नाहीत. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हवरची ईएमयू१०के१ चिप ३१ बिटांचे पत्ते लिहिते, म्हणजे तिला २ गिगाबाइटच्या पलीकडचं दिसत नाही. स्टुडिओतल्या कार्डांवर गाजलेली आयसीई१७१२ चिप तर २८ बिटांची, तिची नजर २५६ मेगाबाइटला संपते. आजच्या १६ किंवा ३२ गिगाबाइटच्या कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हरनं आठवणीनं तळातली मेमरी मागून घेतली पाहिजे. लिनक्सचे ड्रायव्हर हे करतात. ज्या काळात एवढी मेमरी कुणाच्या घरी नव्हती, त्या काळात लिहिलेला एखादा ड्रायव्हर हे विसरलेला असतो, आणि मग आवाजाऐवजी खरखर येते. अ‍ॅडॅप्टर बदलून हे सुटत नाही.

आयएसएची गोष्ट वेगळी का

पीसीआय कार्ड कॉम्प्युटरला आपली वही दाखवतं आणि म्हणतं, मला एवढी जागा द्या. मूळ आयएसए कार्डाकडे वहीच नाही. ते आधीच एका पत्त्यावर बसलेलं असतं. तो पत्ता कार्डावरच्या जंपरनं, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणानं, ठरलेला, आणि प्रोग्रामला तो माहीत असलाच पाहिजे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातल्या खेळांना साउंड ब्लास्टरसाठी पोर्ट (म्हणजे कार्डाचा पत्ता) २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए (म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा नेण्याची वाट) १ असं सांगावं लागायचं, ते यामुळेच. १९९३ मध्ये आयएसएसाठी प्लग अँड प्ले आलं, पण तोवर लाखो कार्डं आणि प्रोग्राम जुन्या सवयीचे होऊन बसले होते.

आता हे २२० नव्या कॉम्प्युटरवर कार्डापर्यंत पोहोचवायचं म्हटलं तर काय होतं ते बघा. हा आकडा सोळाच्या पायावरचा आहे. पीसीच्या पोर्टांचा सगळा प्रदेश ६४ किलोबाइटचा. ब्रिजला सांगावं लागतं की अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंतचं बोलणं तुझ्या बाजूला जाऊ दे, आणि ही खिडकी कमीत कमी ४ किलोबाइटची असते. २२० पहिल्याच ४ किलोबाइटमध्ये येतो. त्याच ४ किलोबाइटमध्ये कीबोर्ड ६० वर बसलेला आहे, टायमर ४० वर, घड्याळ ७० वर. सगळी खिडकी ब्रिजच्या नावावर केली तर मदरबोर्डचा स्वतःचा संसार उघड्यावर येईल. म्हणून ती त्याला देता येत नाही.

जुन्या मदरबोर्डवर यावर एक वेगळी युक्ती होती. कुणीच न उचललेली हाक शेवटी एकानं उचलायची, आणि आयएसएचा ब्रिज हा तो शेवटचा उचलणारा. पण एका खोलीत असा शेवटचा एकच असू शकतो, आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये ती जागा चिपसेटनं आधीच घेतलेली असते. अ‍ॅडॅप्टरच्या पट्टीवर बसलेल्या आयएसए ब्रिजपर्यंत अशी हाक पोहोचेलच याची खात्री नाही.

हे जमवलं तरी डीएमए उरतो. पीसीआय कार्ड आपला डेटा स्वतः उचलतं. आयएसए कार्ड स्वतः उचलत नाही. ते एका खास तारेवरून विनंती करतं, आणि मदरबोर्डवरचा एक मध्यवर्ती हमाल, इंटेलच्या ८२३७ चिपच्या घराण्यातला, डेटा उचलून देतो. पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये या विनंतीची तारच नाही. साउंड कार्डाचा आवाज नेमका याच वाटेनं जातो. म्हणून पीसीआय एक्स्प्रेस ते आयएसए अशी साखळी जोडली तर साधं सीरियल किंवा मोजमापाचं कार्ड एखादवेळेस चालून जातं, साउंड कार्ड मात्र तिथेच अडतं.

यातून एक वाट निघाली, आणि मला ती फार सुंदर वाटते. आयएसए मदरबोर्डच्या स्लॉटांवरून गेलं तरी आतून संपलं नव्हतं. कीबोर्डसारख्या जुन्या गोष्टी जोडायला इंटेलनं १९९८ मध्ये एलपीसी नावाची मोजक्या तारांची जोडणी आणली. तारा कमी, पण बोलणं आयएसएचंच. जुने पोर्ट, इंटरप्ट, डीएमएची विनंतीसुद्धा. आणि अनेक मदरबोर्डवर सुरक्षा चिप लावायचा जो टीपीएम हेडर असतो, त्यावर या एलपीसीच्या तारा बाहेर आलेल्या असतात. हौशी मंडळींनी हे हेरलं आणि त्या हेडरवरून खरा आयएसए स्लॉट उभा केला. या खुल्या प्रकल्पाचं इंग्रजी नाव डिसअपॉइंटमेंट, कारण त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये आयएसए ही तीन अक्षरं ओळीनं येतात. काम मात्र नावाच्या अगदी उलट आहे. कीबोर्ड जिथून बोलतो तिथूनच साउंड कार्ड बोलत असल्यामुळे डॉसच्या प्रोग्रामला काही बदललंय हे कळतच नाही. एक अट आहे. डीएमएच्या विनंतीची तार त्या हेडरवर आलेली असली पाहिजे, आणि ती पुष्कळ मदरबोर्डवर नसते. नव्या कॉम्प्युटरमध्ये एलपीसीची जागा ईएसपीआयनं घेतली आहे, त्यामुळे ही वाट अरुंद होत चालली आहे.

यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर आयएसएसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण जुना प्रोग्राम थेट पोर्टशी बोलतो आणि यूएसबीला २२० सारखा पत्त्याचा पोर्ट ही गोष्टच माहीत नाही. प्रोग्राम नव्यानं लिहायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. एखादं महागडं यंत्र आयएसए कार्डावर चालत असेल, तर उद्योगांसाठी बनणारे खऱ्या आयएसए स्लॉटचे मदरबोर्ड बघणं जास्त सुरक्षित.

एजीपीबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. संक्रमणाच्या काळात, २००४ च्या आसपास, ग्राफिक्स कार्डांवरच ब्रिज चिप बसवून एजीपीची चिप पीसीआय एक्स्प्रेसवर आणि उलटही चालवली गेली. पण ती कार्डाच्या आतली सोय होती. एजीपी कार्ड चालवायचंच असेल तर एजीपीचा मदरबोर्ड जपून ठेवा.

ड्रायव्हर आणि दुसरी एक वाट

तारा जुळल्या, वीज मिळाली, दुभाषी चांगला निघाला, तरी कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर हवा. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचं आहे आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा ड्रायव्हर चढत नाही. निर्मात्यानं ६४ बिटांचा कधी काढलाच नसेल तर विंडोजवर तो रस्ता तिथेच संपतो. लिनक्समध्ये जुन्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच सांभाळले जातात, म्हणून अ‍ॅडॅप्टर लावल्यावर पहिली परीक्षा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर घ्यावी असं मी सुचवेन. एलएसपीसीआय (lspci) ही आज्ञा दिली की ब्रिज आणि त्याच्या मागचं कार्ड दोन्ही यादीत दिसतात. ब्रिज दिसतो पण कार्ड नाही, तर वीज किंवा खाच बघा. दोन्ही दिसतात पण काम होत नाही, तर ड्रायव्हर आणि इंटरप्ट बघा.

जुनं विंडोजच हवं असेल तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कल्पनेतल्या कॉम्प्युटरमध्ये, चालवून कार्ड थेट त्याच्या हाती देता येतं. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डमध्ये आयओएमएमयू लागतं, म्हणजे कोणत्या कार्डानं मेमरीच्या कोणत्या भागाला हात लावायचा यावर पहारा ठेवणारा भाग. इथे ब्रिजचा एक गुण आडवा येतो. त्याच्या मागची सगळी कार्डं पहारेकऱ्याला एकाच नावानं दिसतात. त्यामुळे अ‍ॅडॅप्टरवर दोन स्लॉट असतील तर एक कार्ड व्हर्च्युअल मशीनला आणि दुसरं स्वतःकडे, असं वाटून घेता येत नाही. दोन्ही एकत्रच द्यावी लागतात.

ज्या कार्डावर स्वतःचा बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्राम, असतो, जसं ग्राफिक्सचं किंवा ज्यावरच्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करायचा असं स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) कार्ड, ते बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मदरबोर्डवर सुरुवातीला गप्प राहू शकतं. जुना बायोस चालवणारी सीएसएम ही सोय नव्या मदरबोर्डवरून निघून चालली आहे. ऑपरेटिंग सिस्टिम उठल्यावर ड्रायव्हर अशा कार्डाला जागं करू शकतो, पण त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायची आशा धरू नये.

जुनं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड नव्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये घालायचं असेल तर यातलं बहुतेक काही लागत नाही. दोन्ही टोकं आपसांत बोलून जमेल तो वेग ठरवतात, आणि एका लेनचं कार्ड सोळा लेनच्या स्लॉटमध्ये सुखानं बसतं. एखादं अगदी सुरुवातीचं कार्ड दिसलंच नाही, तर बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीवर बांधून बघावा. स्लॉटच शिल्लक नसेल तर एनव्हीएमई डिस्कच्या एम.२ जागेतून चार लेन बाहेर काढणारे साधे अ‍ॅडॅप्टर मिळतात. त्यांत दुभाषी नसतो, नुसत्या तारा असतात. मात्र काही एम.२ जागा फक्त साटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीच्या, असतात आणि वायफायच्या काही जागांत पीसीआय एक्स्प्रेस आलेलंच नसतं, म्हणून मदरबोर्डचं माहितीपुस्तक उघडल्याशिवाय खरेदी करू नये.

पीसीआयचा अ‍ॅडॅप्टर हातात आला की कार्ड घालायच्या आधी पाच मिनिटं काढा. पट्टी स्लॉटमध्ये बसवा, पॉवरची तार लावा, जुना स्लॉट रिकामाच ठेवून कॉम्प्युटर सुरू करा. मल्टिमीटरचं काळं टोक केसच्या उघड्या धातूला लावा. लाल टोक पीसीआय स्लॉटच्या बी बाजूच्या (कार्डाच्या चिपा ज्या बाजूला येतात तिकडच्या ओळीतल्या) पहिल्या पिनला, म्हणजे धातूच्या पट्टीकडच्या टोकाला, जपून टेकवा. शेजारच्या पिनला धक्का लागू देऊ नका. तिथे उणे १२ च्या आसपास आकडा आला पाहिजे. त्याच ओळीत पाचव्या आणि सहाव्या पिनवर ५ आले पाहिजेत. दोन्ही आले तर कॉम्प्युटर बंद करा, मागची पॉवरची तार काढा, आणि मग कार्ड बसवा.